पत्ता मिळेपर्यंतचा पत्ता

स्थिर आयपी पत्ता म्हणजे संगणकाला एकदा नेमून दिलेला आणि रोज नव्याने मागावा न लागणारा आकडा. सप्टेंबर १९८१च्या आरएफसी ७९१ या दस्तऐवजानुसार तो ३२ बिटांचा असतो. ३२ शून्ये आणि एके माणसांच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून तो चार आकड्यांत, मध्ये टिंबे देऊन लिहितात. लॅपटॉप किंवा फोनला असा नेमलेला पत्ता लागत नाही. मिळेल तो पत्ता ते घेतात, वापरतात, सोडून जातात. त्यांच्याकडे कोणी काही मागायला येणार नसते. सर्व्हरकडे सगळेच मागायला येतात, म्हणून त्याने ठरल्या जागी सापडणे भाग असते. डेटाबेस, डीएनएस, हजेरीचे यंत्र आणि मजल्यावरचा प्रिंटर यांचे पत्ते त्यामुळे स्थिर ठेवतात. इतरांना पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरचाही पत्ता स्थिरच ठेवावा लागतो, कारण स्वतःच्या कोट्यातून त्याला स्वतःसाठी काही घेता येत नाही. वाटपाच्या इतर कोणत्याही खात्यात हा नियम आढळत नाही.

सर्व्हर एकच असेल तर फारसे काही घडत नाही. ॲडमिन खुर्ची ओढून बसतो, इन्स्टॉलर पत्ता, मास्क (पत्त्याचा किती भाग नेटवर्कचा हे सांगणारा आकडा), गेटवे (नेटवर्कबाहेर जायचे दार), डीएनएस आणि मशिनचे नाव विचारतो, ॲडमिन सांगतो आणि चहाला जातो. चाळीस सर्व्हर असले की चाळीस वेळा चहाला जाता येत नाही. त्यासाठी स्वयंचलित इन्स्टॉलेशन निघाले. त्यात इन्स्टॉलरच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे आधीच एका फाइलमध्ये लिहून ठेवतात. रेड हॅटच्या घराण्यात या फाइलला किकस्टार्ट म्हणतात, डेबियनमध्ये प्रीसीड, सुसेमध्ये ऑटोयास्ट, सनच्या सोलारिसमध्ये जंपस्टार्ट होते, आणि विंडोजमध्ये फाइलचे नावच 'अनअटेंड' आहे, म्हणजे तिथे कोणी थांबू नये अशी अपेक्षा आहे. कालविभाग कोलकाता, भाषा इंग्रजी, डिस्कचे तुकडे अमुक: ही उत्तरे चाळीसही मशिनांना सारखीच लागू पडतात. पत्ता मात्र प्रत्येकाला वेगळा द्यावा लागतो. सगळ्यांना तोच दिला तरी इन्स्टॉलर तक्रार करत नाही, एवढेच.

कोऱ्या मशिनच्या डिस्कवर काहीच नसते. त्याच्या नेटवर्क कार्डात मात्र एक छोटा प्रोग्राम असतो. इंटेलने पुढे आणलेल्या पीएक्सई या पद्धतीचा तो भाग, तिच्या २.१ आवृत्तीवर सप्टेंबर १९९९ ही तारीख आहे. वीज आली की हा प्रोग्राम जागा होतो आणि नेटवर्कवर एक अर्ज सोडतो. पाठवणाऱ्याच्या जागी ०.०.०.० आणि घेणाऱ्याच्या जागी २५५.२५५.२५५.२५५, म्हणजे पाठवणारा कोणी नाही आणि पत्र सर्वांना. असे निनावी पत्र गंभीरपणे घेणारा एकच जण नेटवर्कवर असतो, तो म्हणजे डीएचसीपी सर्व्हर. तो पत्ता देऊ करतो, मशीन तोच पत्ता रीतसर मागते, सर्व्हर मंजुरी कळवतो. वर, बूट करण्याची फाइल कोणत्या सर्व्हरवर आहे तेही सांगतो. ती फाइल टीएफटीपीने येते. हा प्रोटोकॉल मुळात ५१२ बाइट पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचे ५१२ पाठवतो. त्याच्या स्वभावात घाई नाही.

स्थिर पत्ता घ्यायला निघालेले मशीन अशा प्रकारे सुरुवातीलाच एक अस्थिर पत्ता घेऊन बसते. पुढे इन्स्टॉलर सुरू झाला की तो पुन्हा डीएचसीपीकडे जातो, आणि पुष्कळदा आपली ओळख वेगळ्या प्रकारे सांगतो: कार्डातला प्रोग्राम मशिनचा युनिक क्रमांक पुढे करतो, इन्स्टॉलर करत नाही. कार्ड तेच, केबल तीच, पण सर्व्हरच्या दृष्टीने हा नवीन पाहुणा. मग त्याला आणखी एक पत्ता मिळतो. चाळीस मशिनांसाठी पन्नास पत्त्यांचा साठा पुरेल असा हिशेब करणाऱ्याला पंचविसाव्या मशिनच्या आसपास धक्का बसतो, तो यामुळे.

टीएफटीपीने पीएक्सईलिनक्स हा बूटलोडर आला की त्याला आपली सूचना-फाइल शोधायची असते. ही शोधाशोध सगळ्या प्रकरणातला सर्वात चिकाटीचा भाग आहे. आधी तो मशिनच्या युनिक क्रमांकाच्या नावाची फाइल मागतो. नाही मिळाली तर कार्डाच्या मॅक पत्त्याच्या, म्हणजे कार्डाच्या स्वतःच्या ओळखक्रमांकाच्या, नावाची, आधी '०१-' लावून. तीही नसली तर मिळालेला आयपी पत्ता सोळाच्या पायात लिहून त्या नावाची. १९२.१६८.१.२५ असेल तर 'सी०ए८०११९'. ती नसेल तर शेवटचे अक्षर गाळून 'सी०ए८०११'. मग 'सी०ए८०१'. असे एकेक अक्षर गाळत गाळत तो नुसत्या 'सी'पर्यंत येतो. 'सी' नावाची फाइल खरोखर ठेवली तर ती १९२पासून २०७पर्यंतच्या आकड्याने सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांना, म्हणजे जगातल्या आयपीव्ही४ पत्त्यांच्या सोळाव्या हिश्शाला, लागू होईल. इतकी महत्त्वाकांक्षा सहसा कोणी ठेवत नाही. 'सी'ही नाही असे कळल्यावर तो 'डिफॉल्ट' मागतो. सर्व्हरच्या लॉगमध्ये या काळात एकाखाली एक 'फाइल सापडली नाही' अशा ओळी पडतात. नवा माणूस त्या बघून साहेबांना उठवतो. जुना माणूस त्या बघून निश्चिंत होतो, कारण निदान केबल तरी बरोबर लागली आहे.

या शोधात एक बारीक खोच आहे. मॅक पत्त्याची फाइल लहान लिपीतल्या अक्षरांत आणि मध्ये आडव्या रेघा देऊन लिहायची. आयपी पत्त्याची फाइल मोठ्या अक्षरांत आणि मध्ये काहीही न देता. मशिनच्या डब्यावरच्या लेबलावर मॅक पत्ता अनेकदा मोठ्या अक्षरांत, कोलन देऊन छापलेला असतो. तो जसाच्या तसा उतरवला की फाइल असूनही सापडत नाही, बूटलोडर 'डिफॉल्ट'वर येतो, आणि 'डिफॉल्ट'मध्ये सावध ॲडमिनने 'स्वतःच्या डिस्कवरून सुरू हो' असे लिहून ठेवलेले असते. डिस्क कोरी असते.

फाइल मिळाली, इन्स्टॉलर आला. आता उत्तरांची फाइल आणायची. ती नेटवर्कवर आहे. नेटवर्कवर जायला पत्ता लागतो. पत्ता काय तो त्या फाइलमध्ये लिहिलेला आहे. घर भाड्याने घेताना पत्त्याचा पुरावा मागतात आणि पत्त्याच्या पुराव्यासाठी भाडेकरार मागतात, तो अनुभव असलेल्या वाचकाला इथे जास्त समजावण्याची गरज नाही. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये हा पेच अगदी शुद्ध स्वरूपात पाहायला मिळतो. प्रीसीड फाइलमध्ये पत्ता, मास्क, गेटवे, डीएनएस या प्रत्येकासाठी ओळ आहे. 'डीएचसीपी नको' म्हणून सांगणारी ओळ आहे. 'होय, हेच स्थिर पत्ते नक्की' असे वदवून घेणारीही एक आहे. फाइल नेटवर्कवरून आणली असेल तर या सगळ्या ओळी वाचेपर्यंत नेटवर्क उभे राहून गेलेले असते आणि त्यांच्याकडे कोणी लक्ष देत नाही. लिहिणाऱ्याला वाटते आपले काहीतरी चुकले. तो पत्ता तपासतो, मास्क तपासतो, ओळींमधल्या मोकळ्या जागा तपासतो. चूक कुठेच नसते.

यावर डेबियनच्या अधिकृत मार्गदर्शिकेत एक उपाय दिलेला आहे आणि त्याला तिथे प्रांजळपणे 'हॅक' असेच म्हटले आहे. प्रीसीड फाइल मिळाल्यावर एक छोटी स्क्रिप्ट चालवायची. तिच्यात दोन आज्ञा: पहिली 'किल-ऑल-डीएचसीपी', दुसरी 'नेटसीएफजी'. म्हणजे ज्याच्या कृपेने इथपर्यंत आलो त्याला आधी संपवायचे आणि नेटवर्कची मांडणी पहिल्यापासून करायची. दुसऱ्या खेपेला उत्तरे हातात असतात, त्यामुळे ती पाळली जातात. कृतघ्नतेला अधिकृत दस्तऐवजात इतके नीट स्थान फार थोड्या ठिकाणी मिळाले असेल.

दुसरा मार्ग म्हणजे पत्ता आधीच, कर्नलच्या आज्ञेच्या ओळीत कोंबून देणे. लिनक्स कर्नलला यासाठी एक पॅरामीटर आहे. त्यात मुख्य रकाने सात: स्वतःचा पत्ता, सर्व्हरचा पत्ता, गेटवे, मास्क, नाव, कार्ड आणि पद्धत, मध्ये कोलन. दुसरा रकाना बहुतेकांना लागत नाही, पण त्याचा कोलन सोडता येत नाही, म्हणून तिथे दोन कोलन शेजारी शेजारी उभे दिसतात. टापटिपीची आवड असलेला माणूस त्यातला एक चुकून पडला असे समजून काढतो. मग गेटवे हा सर्व्हर ठरतो, मास्क हा गेटवे ठरतो, आणि मशीन २५५.२५५.२५५.०च्या दारातून बाहेर जायचा प्रयत्न करत राहते.

किकस्टार्टमध्ये नेटवर्कची ओळ अधिक सरळ आहे; ती ओळ म्हणजे खरोखर एकच ओळ असली पाहिजे, मध्ये तोडून खालच्या ओळीवर नेलेली चालत नाही, असे रेड हॅटचे दस्तऐवज मुद्दाम सांगतात. पण चाळीस मशिनांसाठी चाळीस किकस्टार्ट फाइली करायच्या का, हा प्रश्न उरतो. त्यावर काही ठिकाणी काढलेला तोडगा मोठा बोलका आहे. इन्स्टॉलेशनच्या आधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये इन्स्टॉलर एका वेगळ्या कन्सोलवर जातो आणि तिथे विचारतो: आयपी पत्ता काय? समोर उभा असलेला माणूस तो टंकतो, स्क्रिप्ट त्याची नेटवर्कची ओळ तयार करते आणि पुढचे सारे आपोआप होते. माणसाची गरज संपवणाऱ्या व्यवस्थेने माणसाला फक्त एका प्रश्नापुरते ठेवून घेतलेले असते. हा माणूस ऐरोली किंवा महापे इथल्या डेटा सेंटरमध्ये मे महिन्यात स्वेटर घालून उभा असलेला दिसतो. तिथे न जाता घरबसल्या कन्सोल पाहायचा असेल तर सर्व्हरमध्ये देखरेखीचे वेगळे कार्ड असते. त्या कार्डालाही आयपी पत्ता लागतो, आणि तो स्थिर असलेला बरा.

पत्ता ठरला तरी तो कोणत्या कार्डाला द्यायचा हे उरतेच. सर्व्हरला मागे चार पोर्ट असतात. लिनक्स त्यांना पूर्वी ईथ०, ईथ१ अशी नावे देई, आणि पहिला कोण हे ड्रायव्हरला आधी कोण सापडले त्यावर ठरे. फाइलमध्ये ईथ०ला पत्ता दिलेला आणि केबल मात्र ईथ२मध्ये, हा प्रकार इतका घडला की कार्डांची नावे मॅक पत्त्याशी बांधून लक्षात ठेवण्याची सोय करण्यात आली. मग तयार मशिनची नक्कल काढली की नव्या मशिनचे कार्ड ईथ१ होऊ लागले, कारण ईथ० ही जागा मूळ मशिनच्या, इथे कधीच नसलेल्या कार्डासाठी राखून ठेवलेली असे. जानेवारी २०१३मध्ये सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने 'अंदाज करता येण्याजोगी' नावे आणली. त्यानुसार कार्डाचे नाव ईएनपी३एस० असते, म्हणजे इथरनेट, बस तीन, स्लॉट शून्य. मशीन उघडून पाहिले की अंदाज करता येतो. शहाणा ॲडमिन नावाच्या नादी न लागता पीएक्सईलिनक्सला सांगतो, की ज्या कार्डावरून बूट झालास त्याचा मॅक पत्ता पुढे कर्नलला कळव. ही एका ओळीची सोय आहे आणि ती बहुतेकांना दुसऱ्या दिवशी कळते.

विंडोजमध्येही हेच आहे, फक्त जास्त अदबीने. अनअटेंड फाइलमध्ये कार्डाची ओळख नावाने किंवा मॅक पत्त्याने देता येते. नावाने दिली तर विंडोज ७मध्ये 'लोकल एरिया कनेक्शन' लागते, ८पासून पुढे 'इथरनेट', आणि जर्मन विंडोजवर आणखी काही. जुने कार्ड काढून नवे बसवले आणि त्याला जुनाच पत्ता दिला, तर विंडोज कळवते की हा पत्ता दुसऱ्या एका कार्डाला दिलेला आहे आणि ते कार्ड सध्या मशिनमध्ये नाही.

सगळे बरोबर असूनही इन्स्टॉलर 'नेटवर्क मिळाले नाही' म्हणून थांबतो, त्यामागे पुष्कळदा स्विच असतो. नेटवर्कमध्ये चक्र तयार होऊन संदेश कायमचे फिरत राहू नयेत यासाठी रॅडिया पर्लमन यांनी १९८५मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीत स्पॅनिंग ट्री ही पद्धत रचली. तिच्या मूळ रीतीप्रमाणे पोर्ट चालू झाला की स्विच १५ सेकंद नुसता ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच वाहतूक सोडतो. इन्स्टॉलरचा ड्रायव्हर कार्ड नव्याने चालू करतो, त्यामुळे हे ३० सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजले जातात. इन्स्टॉलरला इतका धीर नसतो. तो हात टेकतो, लाल पडदा दाखवतो, माणसाला बोलावतो. माणूस येतो, वाचतो, काहीही न बदलता 'पुन्हा प्रयत्न करा' दाबतो आणि ते चालते, कारण तो येईपर्यंत ३० सेकंद होऊन गेलेले असतात. अनेक कार्यालयांत एखाद्याच्या हाताला गुण आहे असे मानतात, त्याचा उगम इथे आहे. स्विचच्या त्या पोर्टवर ही वाट पाहणे टाळणारे 'पोर्टफास्ट' चालू केले की हा गुण नाहीसा होतो.

आता मूळ प्रश्न: कोणाला कोणता पत्ता द्यायचा, हे कुठे लिहिलेले असते? एक्सेलमध्ये. पूर्वी संपूर्ण अर्पानेटची, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वजाची, यादी अशी एकाच फाइलमध्ये असे. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय संस्थेत एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि नवे मशीन जोडणारे कार्यालयीन वेळेत फोन करून नोंद करून घेत. त्या फाइलची एकच अधिकृत प्रत होती. एक्सेलच्या प्रती तीन असतात: एक नेटवर्कवाल्यांची, एक सर्व्हरवाल्यांची आणि एक 'फायनल' नावाची. एक्सेलमध्ये पहिला पत्ता लिहून कोपरा धरून खाली ओढला की पुढचे पत्ते भरले जातात, ही मोठी सोय. १९२.१६८.१.२५५ आल्यावरही एक्सेल थांबत नाही. तो २५६, २५७ असे उत्साहाने देत राहतो. मजकूर म्हणून क्रम लावला की '१०' हा '२'च्या वर बसतो, म्हणून काही नेटके लोक आकड्यांच्या आधी शून्ये लावून ०२५ असे लिहितात. काही प्रोग्राम शून्याने सुरू होणारा आकडा आठाच्या पायातला समजतात. त्यांच्या लेखी ०२५ म्हणजे २१. मशीन मग २१ क्रमांकावर जाऊन बसते आणि २५ क्रमांकावर सगळे त्याला शोधत राहतात.

पत्ता मोकळा आहे की नाही हे ठरवण्याची रूढ पद्धत 'पिंग करून बघ' ही आहे. उत्तर आले नाही तर मोकळा. बंद असलेले मशीन पिंगला उत्तर देत नाही आणि फायरवॉलमागचे विंडोजही सहसा देत नाही, ही त्रुटी सर्वांना ठाऊक आहे. पत्ता वापरण्याआधी तो दुसऱ्या कोणाकडे आहे का हे नेटवर्कवर विचारून पाहावे, अशी रीत जुलै २००८च्या आरएफसी ५२२७मध्ये घालून दिलेली आहे. तरीही सोमवारी सकाळी रजेवरून परतलेला कोणी आपले मशीन चालू करतो आणि नवा सर्व्हर अधूनमधून गायब होऊ लागतो. अशा वेळी पहिला संशय प्रिंटरवर घेतात. तो बहुतेक वेळा खरा ठरतो.

या सगळ्यातून गेल्यावर बहुतेक ठिकाणी एक तडजोड रूढ होते. मॅक पत्त्यापुढे आयपी पत्ता लिहून डीएचसीपी सर्व्हरवरच आरक्षण करून टाकायचे. मशीन दर वेळी मागते आणि दर वेळी तेच मिळते. ज्यांना हे पसंत नाही ते इन्स्टॉलेशन मिळेल त्या पत्त्यावर होऊ देतात आणि शेवटच्या क्षणी स्क्रिप्टने नेटवर्कची फाइल बदलून टाकतात. दोहोंपैकी दुसरी पद्धत खरी टिकाऊ, कारण डीएचसीपी सर्व्हर बंद पडला तरी मशिनचा पत्ता जात नाही. उबुंटूमध्ये ही फाइल नेटप्लॅनची असते. तिच्यात मोकळ्या जागा मोजून द्याव्या लागतात, टॅब चालत नाही, आणि गेटवे लिहिण्याची जुनी पद्धत आता नको म्हणतात. तिच्यात एक गोष्ट मात्र मनापासून चांगली आहे: 'नेटप्लॅन ट्राय' म्हटले तर १२० सेकंदांत माणसाने होकार न दिल्यास ती जुनी मांडणी परत आणते. नेटवर्कची फाइल बदलणाऱ्याचा संपर्क सर्वात आधी तुटतो, हे कोणीतरी लक्षात घेतले म्हणायचे.

शेवटी मशीन पुन्हा सुरू होते. त्याच्या बूटच्या क्रमात नेटवर्क पहिले असेल आणि त्याची सूचना-फाइल अजून तिथेच असेल, तर ते पुन्हा पीएक्सईकडे जाते, इन्स्टॉलर आणते, डिस्क पुसते आणि सगळे नव्याने बसवते. मग पुन्हा सुरू होते. रात्रभर हे चालू राहिले तरी कोणत्याही लॉगमध्ये चूक दिसत नाही, कारण प्रत्येक इन्स्टॉलेशन यशस्वी झालेले असते. कॉबलर या साधनात यासाठी 'पीएक्सई एकदाच' अशी एक सोय आहे: काम झाल्यावर मशीन सर्व्हरला तसे कळवते आणि पुढच्या वेळी त्याला स्वतःच्या डिस्कवर धाडले जाते.

नव्या मशिनवर एसएसएचने गेले की मोठ्या अक्षरांत इशारा येतो: या पत्त्यावरच्या मशिनची ओळख बदलली आहे, कोणीतरी काही वाईट करत असण्याची शक्यता आहे. पत्ता जुन्या सर्व्हरचाच दिलेला असल्यामुळे इशारा अगदी रास्त असतो. जुनी ओळख पुसण्याची आज्ञा पुष्कळदा त्याच मजकुरात खाली छापलेली असते. पहिल्या काही मशिनांना ॲडमिन इशारा वाचून ती आज्ञा हाताने देतो. उरलेल्यांसाठी तो ती स्क्रिप्टमध्ये घालतो, आणि इशारा दिसायचा बंद होतो.